कडेचे रिकामे खळगे

त्या दुपारी तिला काम तसं चिमूटभरच होतं. इन्क्युबेटरमधून पेशींची प्लेट काढायची, आतल्या अंधाऱ्या खोलीत न्यायची, यंत्रात ठेवायची आणि निकाल घेऊन वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंसमोर हजर व्हायचं. बाहेर लख्ख ऊन होतं. व्हरांड्यात कुणीतरी स्टूल ओढत होतं, खाली गाड्या धुतल्या जात होत्या. भुताखेतांची म्हणून जी वेळ सांगतात, ती ही नव्हेच.

पण त्या खोलीत शिरलं की बाहेर किती वाजलेत याला काही अर्थ उरत नसे, एवढं ध्यानात ठेवा. खिडकी नाही, भिंती काळ्या रंगवलेल्या, दाराला जाड काळा पडदा. आत एकच लाल दिवा, तोही राखेखालच्या निखाऱ्याइतका मंद. पेशींना लावलेला रंग उजेडात खराब होतो, म्हणून उजेडाला तिथे मज्जाव. भर दुपारी पडदा सारून आत गेलं की दिवस मागेच राहायचा, ओली छत्री दाराबाहेर राहावी तसा.

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘दचकी’ म्हणत. नाव कुणी ठेवलं ते आठवत नाही, पण चिकटलं ते डिंकासारखं. फोन वाजला की ती उडायची, फ्रीज गुरगुरला की हात छातीवर. एकदा तर स्वतःच्याच शिंकेला दचकली, आणि नेमका ते पाहायला होता यंत्रदादा. यंत्रांची देखभाल करणारा हा तंत्रज्ञ तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ होता. ती गोष्ट त्याने संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला पुरवली.

त्या दुपारीही तो हातात पाना घेऊन पडद्याशी उभा होता.

"जा, जा आत. मी आहे इथे. ओरडलीस की येतो."

"मी ओरडत नाही."

"खरंय. तू थेट किंचाळतेस."

"दादा, आज नको हं. शेवटची प्लेट आहे ही."

त्याचं हसू मावळलं. शेवटची म्हणजे आज निकाल, ते त्यालाही ठाऊक होतं.

हृदय बिघडलं म्हटलं की लोकांना वाटतं, ते दमलं, त्यातला जोर गेला. पण काही हृदयांचं उलटंच असतं. आवळायला ती पहिलवान असतात; सैल पडायचं मात्र नाव घेत नाहीत. मूठ वळते आणि उघडत नाही. मग दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त भरायला जागाच उरत नाही, आणि धडधाकट दिसणारा माणूस जिन्याच्या मधोमध कठडा धरून उभा राहतो. अशा हृदयाला सैल पडायला मदत करणारं औषध शोधायचं, हे बाईंच्या प्रयोगशाळेचं काम.

शोधायची रीत मोठी देखणी होती. हृदयाच्या जिवंत पेशी प्लेटमधल्या इवल्याशा खळग्यांत वाढवायच्या. पेशी आवळते तेव्हा तिच्या आत कॅल्शियमचा लोंढा सुटतो. सैल व्हायचं तर तिला तो उपसावा लागतो. या पेशींना एक रंग पाजायचा. कॅल्शियम भेटलं की तो हिरवा उजळतो, ते उपसलं गेलं की विझतो. मग अंधारात स्क्रीनकडे बघत बसायचं. उजळलं, विझलं. उजळलं, विझलं. ज्या खळग्यातला उजेड लवकर विझेल, त्यातलं औषध कामाचं.

शेकडो औषधं आली आणि गेली. टिकली ती एकच. उरल्यासुरल्या नमुन्यांच्या खोक्यात ती बाटली पडून होती. दचकीनेच ती उचलली, भांडून भांडून तपासायला लावली आणि लाडाने तिचं नाव ‘धाकटी’ ठेवलं. आता हे धाकटीचं प्रकरण पुढे न्यायचं की गुंडाळायचं, हे ठरवायला बाहेरून आलेली समिती वर बसली होती. गुंडाळलं तर बाटली पुन्हा खोक्यात, आणि खोकं माळ्यावर.

आणि प्लेटमधल्या पेशी? त्या तिच्या बाबांच्या होत्या.

बाबा सार्वजनिक तरणतलावावर पोहायला शिकवायचे. अख्ख्या वस्तीतली पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. तलावाच्या कडेला सगळ्यांना रांगेत उभं करायचे आणि गरजायचे, "एकेक! ढकलाढकली करायची नाही. सगळ्यांचा नंबर येणार." स्वतःच्या मुलीला रांगेत कायम शेवटी ठेवायचे, मास्तरांनी पोरीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको. पाण्याखाली पोराला हाक ऐकू जात नाही, म्हणून ते लोखंडी शिडीवर किल्ल्यांचा जुडगा वाजवत. दोनदा टक म्हणजे श्वास सोड. मग थोडं थांबून एकदा टक, म्हणजे झालं, वर ये.

"श्वास घ्यायला कुणालाही येतो गं, मासोळी," ते तिला म्हणायचे. "सोडायला शिकवावं लागतं."

आणि त्याच माणसाचं हृदय सैल पडायचं विसरलं. शेवटी शेवटी आडवं झालं की गुदमरायचे, म्हणून उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचे. प्रयोगशाळेसाठी रक्त द्यायला मात्र शर्टाला इस्त्री करून आले. त्या रक्तापासूनच इथे हृदयाच्या पेशी घडवल्या होत्या. "माझी मुलगी हृदयात दिवे लावते," असं त्यांनी सुई टोचणाऱ्या नर्सला सांगितलं, रिक्षावाल्याला सांगितलं, लिफ्टमध्ये भेटलेल्या एका अनोळखी बाईंनाही सांगितलं. वर म्हणाले, "मेल्यावरही तुझ्याकडे कामाला राहीन. रजा न घेणारा माणूस शोधून सापडायचा नाही."

ते गेले, पेशी राहिल्या. नळीवर नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. कुणाच्या ते फक्त तिला आणि बाईंना माहीत. आता त्यातली ही शेवटची प्लेट.

बाबा गेले त्या आठवड्यात हृदयाच्या डॉक्टरांनी तिलाही सांगितलं होतं, "हे घराण्यात उतरतं. एकदा तपासून घ्या." आईने चारदा आठवण केली. हिचं उत्तर ठरलेलं, धाकटीचं काम होऊ दे, मग बघू.

तर, तिने प्लेट यंत्रात सरकवली.

झाकण मिटलं. पंखा घुमला. स्क्रीनवर चौकोनांची जाळी उमटली, आणि पेशी उजळल्या. सगळ्या एकदम, वीज आल्यावर गाव उजळावं तशा. औषधाऐवजी नुसतं पाणी घातलेल्या पेशींच्या ओळीतला उजेड रेंगाळत होता, जायला निघालेल्या पाहुण्याने उंबऱ्यावर गप्पा माराव्यात तसा. आणि धाकटीच्या ओळीत... धाकटीच्या ओळीत तो झटकन विझत होता. उजळला, विझला. स्वच्छ.

तिला हुंदका आणि हसू एकदमच आलं. बाबा, बघताय ना?

आणि तेव्हा तिला कड दिसली.

प्लेटची डावी कड रिकामी ठेवायची असते. त्या खळग्यांत पेशी नाहीत, औषध नाही, फक्त पाणी आणि रंग. ती कड काळीकुट्ट राहिली तरच बाकीच्या उजेडावर विश्वास ठेवायचा. "रिकामं उजळलं तर सगळं बाद," हा बाईंचा नियम, आणि त्यावर अपील नव्हतं.

कडेचा सगळ्यात वरचा खळगा उजळला होता.

एकटाच. फिकट हिरवा. उजळायचा जोरात, पण विझताना... विझताना ओढ लागायची. अर्धा विझून थांबायचा, पुरता काळा व्हायच्या आतच पुढचा ठोका यायचा.

तिचा हात छातीवर गेला. मग तिने स्वतःला समजावलं, अगं, प्लेट उलटी घातली असशील. ही चूक इथे प्रत्येकाने एकदा तरी केलेली असते. प्लेट फिरली की डावी कड उजवीकडे जाते आणि रिकाम्या जागी भरलेले खळगे दिसतात. यंत्रदादा अशा वेळी विचारायचा, "काय, ताट उलटं वाढलंस?" तिने ट्रे बाहेर घेतला आणि लाल उजेडात प्लेटच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. दिशा कळावी म्हणून एक कोपरा तासलेला असतो. तो जिथे हवा तिथेच होता. प्लेट सुलटी होती.

मग शिंतोडा उडाला असेल. भरताना आपण कशाला तरी दचकलो असू, थेंब सोडायचं पिपेट हललं असेल. शेजारच्या सूक्ष्मदर्शकाखाली तिने तो खळगा धरला आणि श्वास रोखून आत पाहिलं.

काही नव्हतं. पेशी नाही, धूळ नाही. नितळ पाणी.

तिने प्लेट परत ठेवली. झाकण मिटलं. आणि तो खळगा पुन्हा उजळला. ओढत, गुदमरत, अर्धाच विझत.

तेव्हा वास आला. औषधांचा नव्हे. ओल्या फरशीचा, क्लोरीनचा, टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या ओल्या केसांचा. तलावाचा वास. पाइप गळत असेल म्हणावं, तर या खोलीत नळदेखील नव्हता.

टक. टक.

आवाज यंत्राच्या आतून आला. लोखंडावर किल्ल्या वाजाव्यात तसा. अगदी जवळून, आणि तरी पाण्याखालून ऐकल्यासारखा.

"दादा...?" तिने हलकेच हाक मारली. "तुम्ही ठोकताय?"

"काय?" पडद्यापलीकडून उत्तर आलं. "मी तर बसलोय गप. काय झालं?"

"काही नाही... काही नाही."

टक. टक.

श्वास सोड. पण सोडता येत नव्हता. त्या खळग्याच्या उजळण्या-विझण्याची स्क्रीनवर उमटणारी रेघ तिला ओळखीची होती. अशा रेघा ती बाबांच्या तपासण्यांच्या कागदांवर वर्षभर पाहत आली होती. आणि एरवी किंचाळणारी, स्वतःच्या शिंकेला घाबरणारी ती मुलगी त्या अंधारात उभी राहिली आणि तिला एवढंच वाटलं, की अजूनही? बाबा, अजूनही तुम्हाला सोडता येत नाहीये?

त्या दिवसापुरत्या भरून आणलेल्या नळीत धाकटी थेंबभर उरली होती. तिने ट्रे बाहेर घेतला. रिकाम्या खळग्यात औषध घालणं म्हणजे तराजूच्या दांडीवर बोट ठेवणं. सगळं शिक्षण तिच्या हाताला धरून मागे ओढत होतं. तिने थेंब सोडला.

झाकण मिटलं. उजळला... रेंगाळला. उजळला... थोडा कमी रेंगाळला. मग हळूहळू, मूठ एकेक बोट करून उघडावी तसा, दोन ठोक्यांमधला काळोख रुंद होत गेला. खोल, शांत, भरपूर. शेवटी एकदा तो खळगा उजळला, सावकाश विझला, आणि पुन्हा उजळला नाही.

बराच वेळ काही नाही. मग, एकदाच, अगदी हळू...

टक.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पाहून यंत्रदादा उठूनच उभा राहिला. तिने त्याला आत नेऊन स्क्रीनवरची नोंद दाखवली. त्याने डोकं खाजवलं.

"कडेचा एक खळगा उजळलाय, एवढंच ना? काढून टाक नोंदीतून. मुंगीलासुद्धा कळायचं नाही."

"नाही."

"अगं, वर समिती बसलीय. धाकटी जाईल."

"जाऊ दे. पण रांग मोडून नाही न्यायची तिला. माझ्या बाबांनी मला एकदाही रांग मोडू दिली नाही."

वर समितीसमोर बाईंनी रेघा पाहिल्या. बाईंच्या भुवया सहसा हलत नसत. त्या दिवशी हलल्या.

"हा कडेचा खळगा?"

"रिकामा आहे, बाई."

"मग उजळला कसा?"

"माहीत नाही. मी नंतर त्यात धाकटी घातली."

समितीतल्या पिकल्या केसांच्या डॉक्टरांनी चष्मा काढला. "रिकाम्या खळग्यात औषध? का?"

"तो सैल पडत नव्हता म्हणून, सर."

कुणी हसलं नाही. का ते सांगता येणार नाही, पण हसलं नाही.

"प्लेट बाद," बाई म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम." मग समितीकडे वळून, जराशा ताठ मानेने, "हिने नोंद पुसली असती, तर हे आपण कुणी पकडलं नसतं. हिने स्वतः सांगितलं. माझ्या प्रयोगशाळेतली मुलगी आहे. दुसऱ्या दात्याच्या पेशींवर हिला पुन्हा संधी द्यावी, अशी माझी विनंती आहे."

संधी मिळाली. जिन्यात बाईंनी तिला थांबवलं. आवाज इतका खाली की कठड्याशी बोलल्यासारखा.

"त्या खळग्याची शेवटची रेघ... इतकं सुंदर सैल पडणं मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही." मग म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी लिफ्टमध्ये मला गाठलं होतं, माहितेय? मी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. माझी मुलगी हृदयात दिवे लावते म्हणाले."

दुसऱ्या दात्याच्या पेशी वाढायला वेळ लागला. त्या दिवशी बाई स्वतः अंधाऱ्या खोलीत तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. कड काळीकुट्ट, वरपासून खालपर्यंत. धाकटीची ओळ झटकन विझणारी. पुन्हा केलं, तसंच. तिसऱ्या दात्याच्या पेशींवर केलं, तसंच. समितीने मान डोलावली. धाकटी पुढच्या तपासण्यांना निघाली. बाईंनी प्लेट हातात धरून वर नेली, बक्षिसाची ढाल न्यावी तशी. यंत्रदादाने ज्याला त्याला गाठून सांगितलं, "आमच्या दचकीने शोधलं. मी होतो पडद्याशी." वरून टाळ्यांचा आवाज आला. आईला फोनवर सांगताना तिला धड बोलता येईना. आई म्हणाली, "आता तरी दाखवून घे छाती." ती म्हणाली, "हो गं, उद्याच."

यंत्र बंद करायचं राहिलं होतं, म्हणून ती पडदा सारून आत आली.

लाल दिवा. पंख्याची घरघर. ट्रे बाहेर आलेला होता आणि मोकळा होता. प्लेट तर वर टाळ्या घेत होती. तिने स्क्रीन मिटवायला हात पुढे केला.

जाळीच्या डाव्या कडेला, सगळ्यात वर, एक चौकोन उजळला.

मग त्याच्या खालचा. मग त्याच्याही खालचा. प्रत्येकाची चाल निराळी. एक धिमा, एक अडखळणारा, एक इतका बारीक आणि चपळ की तो कुणा लहान मुलाचाच असावा. सगळे रेंगाळत विझणारे, अर्धवट, गुदमरलेले. कडेला, रांगेत, धक्काबुक्की न करता उभे.

वास आला, ओल्या फरशीचा.

टक. टक.

ती दचकली नाही. तिला कळलं की त्यांना कुणी उभं केलं होतं, आणि काय सांगून. त्या काळोखात तिची मान आपसूक ताठ झाली. तिने कोरी प्लेट घेतली, कडेच्या खळग्यांत पाणी आणि रंग भरला, ट्रेवर ठेवली आणि धाकटीची बाटली उघडली.

"एकेक," ती म्हणाली, आणि आवाज तिच्या बाबांसारखा आला. "ढकलाढकली करायची नाही. सगळ्यांचा नंबर येणार."

थेंब. दोन ठोक्यांमधला काळोख रुंद होत गेला, चौकोन विझला. टक. पुढचा थेंब. टक. त्या बारीक चपळ उजेडाला जरा जास्त वेळ लागला. तिथे ती वाकून थांबली, तोंडाने काहीतरी समजूत घालत राहिली. टक.

बाहेरून यंत्रदादाचा आवाज आला, "एवढी शांतता? आज किंचाळणं नाही?"

"आलेच," ती म्हणाली. कडेवर आता सगळं काळं होतं.

सगळं नाही. अगदी तळाला, रांगेत सगळ्यात शेवटी, एक खळगा उजळत होता. फिकट, तरुण, जोरकस. विझताना मात्र किंचित... अगदी किंचित रेंगाळणारा.

तिचा हात सवयीने छातीवर गेला, आणि तिथेच थांबला. तळहाताखाली ठोका पडला. स्क्रीनवर उजेड पडला. ठोका. उजेड. एकाच वेळी.

टक. टक.

तिने पिपेट उचललं आणि सावकाश, पुरता, श्वास सोडला. तिसरी टक अजून झालेली नव्हती.